भाकरीपर्यंत

गेल्या नाताळात आपण फोनच्या पडद्यावर एकत्र प्रार्थना केली, तेव्हा धाकटी मध्येच म्हणाली, "आजी फ्रीझ झाली." तुमच्या आईने तिकडून दोनदा विचारलं, आई, आवाज येतोय का. मी हाताने येतोय अशी खूण केली आणि शेवटच्या आमेनला तुम्हाला गाठलं. दोष नेटचा नव्हता. प्रभूची प्रार्थना म्हणताना रोजच्या भाकरीची ओळ झाली की मी थांबते. त्यापुढची क्षमेची ओळ मी म्हणत नाही. तुमच्या आजोबांना हे इतक्या वर्षांत कळलं नाही, कारण ते डोळे मिटून प्रार्थना करत. तुम्ही मुलं उघड्या डोळ्यांनी करता, म्हणून मी सापडले.

थोरल्याने नंतर निरोप पाठवून कारण विचारलं. मी लिहिलं, वय झालं, धाप लागते. ते खोटं होतं. पंचाहत्तरी ओलांडल्यावर नातवंडांशी खोटं बोलावं लागलं याची मला लाज वाटली, आणि ती लाज जुन्या लाजेला जाऊन मिळाली. म्हणून हे लिहायला बसले आहे. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मला स्वतःला फार छान सांभाळून घेता येतं. माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. तेव्हा मराठीतच लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल. यातलं तिलाही काही माहीत नाही, पण वाचताना तिने काही गाळू नये.

मी एकाहत्तर साली नाशिकला मुलींच्या एका मिशन शाळेत इंग्रजी शिकवायला लागले. शाळेला लागून वसतिगृह होतं. साठेक मुली, बऱ्याचशा पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या, काही लासलगाव-निफाडच्या. मी अविवाहित होते आणि माझं अक्षर चांगलं होतं, एवढ्यावर सहा महिन्यांत वसतिगृहाची देखरेखही माझ्याकडे आली. तिथल्या स्वयंपाकघरात एक बाई होत्या. मुलींपासून मुख्याध्यापिकांपर्यंत सगळ्या त्यांना मावशी म्हणत.

मावशी ठेंगण्या होत्या. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथे काळा दोरा बांधून तो कानाला गुंडाळलेला. त्यामुळे चष्मा कायम एका बाजूला उतरलेला असायचा आणि त्या आपल्याकडे एका डोळ्याने काचेतून आणि दुसऱ्याने काचेवरून बघायच्या. लहानपणी पेठकडच्या कुठल्याशा पाड्यातून कुणीतरी त्यांना मिशनच्या दारात आणून सोडलं होतं. वाचायला येत होतं, पण मोठ्या टायपातलंच. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "साठ पोरी हायेत की."

त्यांचा विक्षिप्तपणा प्रार्थनेचा होता. मी ही प्रार्थना पाच वर्षांची असताना इंग्रजीत पाठ केली होती आणि एका दमात म्हणायची. वीस सेकंदांत काम होतं. मावशींना तीच प्रार्थना म्हणायला दोन तास लागत, कारण प्रत्येक ओळ त्यांनी कुठल्या ना कुठल्या कामाला बांधून टाकली होती. चुलीत पहिली काटकी सरकवताना देवाचं नाव. मग कोठीचं झाकण उघडून आज काय आहे ते बघताना त्याची इच्छा. तव्यावर पहिली भाकरी टाकताना भाकरीची ओळ, आणि त्यातला ‘आज’ हा शब्द त्या इतक्या जोरात म्हणत की बाहेर दात घासणाऱ्या मुलींना ऐकू जाई. मोहात पडू देऊ नको ही ओळ साखरेच्या डब्यासमोरून जाताना. त्यांना गोडाचं वेड होतं.

एवढ्यावर थांबत्या तरी ठीक होतं. पण त्यांचा नियम असा की जी ओळ मनापासून म्हणता येत नाही, ती म्हणायची नाही, आणि ती ओलांडून पुढेही जायचं नाही. उद्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आणि बघायचं, आज कुठवर जाता येतं. त्यामुळे स्वयंपाकघरात शिरणारी प्रत्येक मुलगी आधी विचारायची, "मावशी, आज कुठवर?" आणि मावशी परातीतून मान वर न करता सांगायच्या, "इच्छेपर्यंत," किंवा "आज आमेन झालं, बस, तुला गूळ देते."

दुष्काळात रेशनवर परदेशातली लाल ज्वारी आली. मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी थापताना तुटायची आणि तोंडात रबरासारखी फिरायची. पहिल्या दिवशी मुलींनी ताटं तशीच सारली. मावशी दोन दिवस इच्छेच्या ओळीवर अडून राहिल्या. कोठी उघडायच्या, त्या लाल दाण्यांकडे बघायच्या, झाकण लावायच्या. "तुझी इच्छा असंल, माझी नाय," असं मी स्वतः त्यांना कोठीशी बोलताना ऐकलं आहे. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्या पिठात उकळतं पाणी आणि मूठभर नागली घालून बघितली, भाकरी जमली, आणि त्या दुपारी वसतिगृहाला कळलं की मावशी पुढे गेल्या.

दूधवाल्याची गोष्टही तशीच. तो दुधात पाणी घालायला लागला. मावशींनी त्याला एका शब्दानेही टोकलं नाही, पण त्यांची प्रार्थना क्षमेच्या ओळीवर, ‘जसं आम्ही दुसऱ्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड’ इथे, थांबली. त्यांचं म्हणणं, देवाकडे आपली सुटका मागायची तर आधी आपण समोरच्याला सोडलेलं हवं, आणि मी काही ह्याला सोडलेलं नाही, मग खोटं कशाला बोलू. रोज सकाळी मुली विचारायच्या आणि त्या म्हणायच्या, "भाकरीपर्यंत." दूधवाल्याला हे कुणीतरी सांगितलं. अकराव्या दिवशी तो किटली खाली ठेवून दारातच उभा राहिला आणि म्हणाला, मावशी, पाणी घालत होतो.

"ते माहीत होतं," मावशी म्हणाल्या. "तू यायची वाट बघत होते. माझी परार्थना तुंबली होती ना तुझ्यापायी."

त्याला त्यांनी तव्यावरची गरम भाकरी दिली. मी तिथेच उभी होते. मुलांनो, हे लक्षात ठेवा. मावशींना काय हवं असतं ते मला त्या दिवशी स्वच्छ कळलं होतं. दारात येऊन उभं राहायचं आणि एक वाक्य बोलायचं.

मला मावशी आवडत नव्हत्या, हेही सांगून टाकते. मला रकाने आवडायचे. वसतिगृहात येताच मी सात रजिस्टरं सुरू केली, लाल-निळ्या पेन्सिलीने आखून. मावशींच्या स्वयंपाकाला मापच नव्हतं. सकाळी मुली तोंड धुवायला रांगेत उभ्या राहिल्या की त्या दारात येऊन चेहरे बघायच्या. ही रडली आहे, अर्धीच खाईल. हिचा बाप काल भेटून गेला, ही दीड खाईल. त्या हिशेबाने भाकऱ्या थापायच्या. कारण त्यांच्याकडे शिळी भाकरी हा प्रकार नव्हता. "आजची मागितली ना आपण? मग कालची ठेवायची कशाला," असं म्हणायच्या. मी एकदा त्यांना मुलींच्या संख्येवरून तक्ता करून दिला. त्यांनी तो मुकाट्याने एक दिवस पाळला. नऊ भाकऱ्या उरल्या. मावशींनी त्या माझ्या टेबलावर आणून ठेवल्या आणि म्हणाल्या, "ह्या तुमच्या रजिस्टराच्या." दुसऱ्या दिवशी चेहरे बघून केल्या, एकही उरली नाही. मुली आठवडाभर हसत होत्या. मी हसले नाही.

सकाळच्या सभेत सगळी शाळा अंगणात उभी राहायची. मी समोरून प्रार्थना सांगायचे, मागे शेवटच्या रांगेत शिपाई आणि मावशी. ज्या ओळीवर त्या अडलेल्या असत तिथे त्यांचे ओठ मिटत. मिटलेले ओठ मला समोरून दिसत आणि माझ्या ओळीत कुणीतरी काना द्यायचा विसरल्यासारखं वाटे. एकदा मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, मुलींसमोर हे बरं दिसत नाही, नुसते ओठ तरी हलवा. त्या माझ्याकडे काचेवरून बघत राहिल्या. "नुसते हलवून काय मिळतं, बाई?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

आता त्र्याहत्तर सालचं सांगते. उन्हाळा सुरू होत होता. विहीर आटली होती आणि पाणी टँकरने येऊन अंगणातल्या टाकीत पडायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की टाकीत रोज ब्लीचिंग पावडर पडलीच पाहिजे. ते काम मी स्वतःकडे घेतलं. पावडरचा डबा माझ्या कपाटात, कुलपात. टाकीजवळ खिळ्याला पाण्याचं रजिस्टर, त्यात तारीख, बरोबरची खूण आणि माझी सही. माझी एक सवय होती. सोमवारी सकाळी निळी पेन्सिल हातात असायची, तेव्हा मी सगळ्या आठवड्याच्या खुणा आणि सह्या एकदम करून टाकायचे. एकाच हाताने, एकाच झुकावाने केल्या की रकाना सुबक दिसतो. मी काम चुकवत नाही, तेव्हा खूण आधी केली काय आणि नंतर केली काय, असं मला वाटायचं.

त्या आठवड्यात गुरुवारी-शुक्रवारी मी देवळालीला गेले होते. तुमच्या आजोबांच्या घरच्यांनी मला बघायला बोलावलं होतं. मी फार आनंदात होते. मुख्याध्यापिका त्या दोन दिवसांत बाहेरगावी होत्या, मी नव्हते हे त्यांना कळलं नव्हतं. पावडरचा डबा कुणाच्या हाती देऊन जायला विसरले. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये देवळालीला गेली आणि परत आली. त्या दोन दिवसांत टँकर दुसऱ्याच कुठल्या तरी विहिरीवरून भरून आला होता.

शनिवारी चौदा मुली आजारी पडल्या. उलट्या, जुलाब. रविवारी एका सुरगाण्याच्या मुलीला सलाईन लावावी लागली. नऊ वर्षांची होती, डोळे खोल गेले होते. ती वाचली. सगळ्या वाचल्या. हे आधीच सांगते, म्हणजे तुमची आई वाचताना थांबणार नाही.

सोमवारी मुख्याध्यापिकांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. त्या कडक होत्या पण अन्यायी नव्हत्या. डॉक्टर म्हणाले आहेत की एक तर पाणी, नाही तर अन्न, असं त्यांनी सांगितलं आणि आधी माझ्याकडे वळून विचारलं, पाण्याचं काय. मी रजिस्टर घेऊन गेले होते. ते उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. गुरुवार, शुक्रवार, दोन्ही रकान्यांत खूण, दोन्हींत सही. नुसतं रजिस्टर ठेवलं. मग त्यांनी मावशींना विचारलं, मुलींना कालच्या भाकऱ्या दिल्या होत्या का.

मावशींना प्रश्नच कळला नाही बहुतेक. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं कालची भाकर नसती."

मुख्याध्यापिका माझ्याकडे बघत म्हणाल्या, तुम्ही रोज तिथे असता, तुम्हाला काय वाटतं?

मला काय वाटत होतं ते मला नीट माहीत होतं. खोलीत शिरण्याआधीच किल्ली आठवली होती. देवळालीच्या लोकांचा होकार शनिवारीच आला होता, तोही आठवत होता. नोकरी जाईल, बोभाटा होईल, होकार फिरेल. मी म्हणाले, "दुष्काळ आहे. उरलेल्या भाकऱ्या टाकून द्यायला त्यांचा जीव झाला नसेल."

हे माझे शब्द. बदललेले नाहीत. शब्द किती मऊ आहेत ते बघा. मी जणू मावशींची बाजूच घेत होते. एखाद्या बाईच्या आयुष्यात एकच गोष्ट नेमाने पाळलेली असावी आणि आपण नेमकी तीच तिच्याकडून काढून घ्यावी, तेही कनवाळू आवाजात. मुख्याध्यापिकांनी सुस्कारा सोडला. त्यांनी मावशींना काढलं नाही. त्यांच्या मते त्यांनी दयाच केली. स्वयंपाकघर दुसऱ्या बाईला दिलं आणि मावशींना अंगण झाडायचं, घंटा द्यायचं काम दिलं.

दुपारी मावशी स्वयंपाकघरातून आपला तवा न्यायला आल्या. तो त्यांचा स्वतःचा होता. तवा पदराने पुसत त्या माझ्याजवळ थांबल्या.

"बाई, टाकीच्या पाण्याला दोन दिवस वास नव्हता."

मी म्हणाले, "रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे."

त्यांनी मान वळवून खिळ्यावरच्या रजिस्टराकडे बघितलं. चष्मा सारखा केला. "हो," त्या म्हणाल्या. "रजिस्टरमधी हाय." आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घंटा दिली, शेवटच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या, आणि भाकरीच्या ओळीनंतर त्यांचे ओठ मिटले.

ते मिटलेले ओठ मी अकरा वर्षं बघितले. सुट्ट्या सोडून रोज. मुली बदलत गेल्या, पण जुन्या मुली नव्यांना शिकवून जायच्या, त्यामुळे तो प्रश्न टिकला. घंटेपाशी घोळका करून त्या विचारायच्या, "मावशी, आज कुठवर?" आणि मावशी खराटा टेकून म्हणायच्या, "भाकरीपर्यंत." एक मुलगी एकदा म्हणाली, मावशी, तुमची गाडी बंद पडली वाटतं. सगळ्या हसल्या, मावशीही हसल्या. मी व्हरांड्यातून जात होते. मी मुलींना वर्गात हाकललं.

माझ्या चालीने अंगण ओलांडायला एक मिनिट लागतं. आणि मला तर माहीत होतं काय करायचं असतं. दूधवाल्याला जमलं होतं.

त्या काळात मला प्रार्थना समजायला लागली, असं म्हटलं तर तुम्हाला चमत्कारिक वाटेल. आधी ती मला सवय होती, नखं कापण्यासारखी. आता मी समोर उभी राहून ओळ सांगायचे आणि एका बाईच्या तोंडावर ती खरी होती की नाही ते दिसायचं. माझं स्वतःचं तोंड तेवढं हलत राहायचं. शेवटी एक दिवस माझाही आवाज त्या ओळीला फुटेना. मी खोकल्याचं निमित्त केलं. नंतर मी सोय केली. दर आठवड्याला एक मुलगी पुढे येऊन प्रार्थना सांगेल असा नियम काढला. मुलींमध्ये धीटपणा येतो असं सगळ्यांना सांगितलं. आजूबाजूच्या शाळांनी ती पद्धत उचलली, माझं कौतुक झालं.

मावशींनी सूड म्हणून काहीही केलं नाही. तुमची आई जन्मली तेव्हा त्या बघायला आल्या. कुंची शिवून आणली होती, टाके वाकडेतिकडे. बाळाला मांडीवर घेऊन बसल्या, तिच्या तळपायांना हात लावून बघितला आणि म्हणाल्या, गार आहेत, मोजे घाला. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तेवढ्यात बाळ रडायला लागलं आणि मला केवढं हायसं वाटलं. मावशींनी बाळ माझ्याकडे दिलं, पण लगेच उठल्या नाहीत. मी पाजण्यात गुंतल्याचं दाखवलं.

ऐंशी साली मीच मुख्याध्यापिका झाले. आता ज्या खुर्चीने मावशींना घंटेवर पाठवलं त्या खुर्चीवर मी बसत होते. एका कागदाने त्यांना परत चुलीपाशी आणता आलं असतं. पण कागदावर कारण लिहावं लागलं असतं. मी त्यांचा पगार वाढवला, खोलीला नवीन पत्रा घातला. खोलीच्या भिंतीवर तेल लावलेला तवा टांगलेला आहे, असं पत्रा बसवणाऱ्याने सांगितलं. तपासणीला येणारे साहेब माझी रजिस्टरं बघून म्हणायचे, बाई, अशी व्यवस्था जिल्ह्यात नाही.

चौऱ्याऐंशीत मावशी निवृत्त झाल्या. पेठकडे एक भाची असल्याचा पत्ता त्यांना उतारवयात लागला होता, तिच्याकडे जाणार होत्या. शेवटच्या सकाळी सभेतच निरोप द्यायचा ठरला. मी शाल आणि नारळ आणवला होता, भाषणही लिहिलं होतं. त्यात निष्ठा, सेवा, वक्तशीरपणा असे शब्द होते. मावशींनी घंटा दिली. नेहमीच्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. त्या आठवड्याची मुलगी प्रार्थना सांगायला लागली. मी सवयीने शेवटच्या रांगेकडे बघत होते.

भाकरीची ओळ झाली. आणि मावशी थांबल्या नाहीत. त्यांचा आवाज चिरका होता आणि म्हातारपणाने आणखी फाटला होता. तो क्षमेच्या ओळीत शिरला, ती पुरी केली, मोहाची ओळ, वाइटापासून सोडवण्याची ओळ, थेट आमेनपर्यंत. मुली माना वळवून बघायला लागल्या. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी भाषण वाचलं. काय वाचलं ते मला ऐकू आलं नाही.

नंतर त्या खोलीत सामान बांधत होत्या. मी गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले. त्या तवा माझ्याच शालीत गुंडाळत होत्या, नवीन कोऱ्या शालीत, काळा तवा. मी म्हणाले, "मावशी, आज शेवटपर्यंत."

"काय करू, बाई," त्या म्हणाल्या. "लय वाट पाह्यली. तुमच्यासाठी ती ओळ धरून ठेवली होती. म्हनलं येतील, आज येतील. आता साडेदहाची गाडी हाय."

कडवटपणा नव्हता. पाहुण्यांसाठी झाकून ठेवलेलं ताट शेवटी उचलावं लागतं, तसं म्हणाल्या. मी दारात होते. एकच वाक्य बोलायचं होतं, आणि आता त्याने माझं काहीही बिघडणार नव्हतं. नोकरी पक्की होती, लग्न जुनं झालं होतं, ऐकायला तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "रिक्षा बोलावली आहे. सीबीएसच्या बसस्टँडवर वेळेत पोचाल."

त्यांनी मान हलवली. गाठोडं उचलताना काचेवरून एकदा माझ्याकडे बघितलं. मग त्या रिक्षात बसल्या, तवा मांडीवर घेऊन.

दोन वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत मी पेठच्या गाडीत बसले. कारण आता घरी झोपताना, जेवताना, कुठेही ती ओळ आली की माझ्या तोंडून निघेना. मावशींची अडचण माफ करण्याची होती, ती त्यांनी सोडवली. माझी अडचण मागण्याची होती, आणि मागायचं तर ते देवाच्या आधी त्यांच्याकडे. पाडा गाडीरस्त्यापासून बराच आत होता. भाचीने मला ओळखलं नाही. मी शाळेतली आहे म्हटल्यावर तिने घोंगडी टाकली, पाणी दिलं. मावशी श्रावणात गेल्या होत्या. ताप आला, चार दिवसांत गेल्या.

मी विचारलं, शाळेबद्दल काही बोलायच्या का. ती म्हणाली, लय बोलायची. पोरींबद्दल बोलायची. आणि तुमच्यासारख्या एक बाई होत्या म्हणायची, लय नीट, सगळं लिहून ठेवायच्या.

चुलीवर मावशींचा तवा होता. भाचीने नागलीची भाकरी थापून मला वाढली. मी ती खाल्ली. भाचीला मी काही सांगितलं नाही. तिथेही नाही. परतीच्या गाडीत मात्र मी ठरवलं की यापुढे ती ओळ नुसते ओठ हलवून म्हणायची नाही. मावशींनी मला दिलेलं एवढंच मी पाळलं आहे.

तर हे माझं फ्रीझ होणं. आता तुम्हाला आणि तुमच्या आईला कळलं. त्या जुन्या मुख्याध्यापिका केव्हाच गेल्या. सुरगाण्याची ती मुलगी आज साठीची असेल, तिच्या पत्त्यासाठी मी शाळेला पत्र टाकलं आहे. ज्यांच्याकडे जायला हवं होतं त्यांना गाठायला मात्र मला उशीर झाला. तुम्हाला सांगून ती ओळ सुटेल का, मला माहीत नाही. एवढं लिहून झाल्यावर आज सकाळी प्रार्थना पहिल्यापासून म्हणून बघितली.

रविवारी फोनवर भेटू तेव्हा मी थांबले, तर माझ्यासाठी खोळंबू नका, तुम्ही पुढे जा. आमेन झाल्यावर धाकटीने मला विचारावं, "आजी, आज कुठवर?" मी खरं काय ते सांगेन. आजचं विचाराल तर, भाकरीपर्यंत.